मारत तर नव्हता ना?

कामिनी माहेरी परत आली त्या दिवशी सानगडीचा बाजार भरला होता, त्यामुळे तिला बसमधून उतरताना अर्ध्या गावानं पाहिलं. केस ओले. अंगात घरातला गाऊन, त्यावर कशीतरी गुंडाळलेली ओढणी. पायात नवऱ्याच्या चपला. कोणी हाक मारली, कोणी "काय गं बाई, काय झालं?" म्हटलं, पण ती थांबली नाही. मान खाली घालून सरळ घरी गेली.

छपरीत तिची आई, शकुनबाई, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती.

"अवं, एकटीच? जवाईबापू कोठी हायत?"

"मी आता वापस जात नाही, आई."

शकुनबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. संध्याकाळी वडील, सुखराम कापगते, धानाच्या बांधीवरून आले. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि मग लेकीला समोर बसवलं.

"मारलं का त्यानं?"

"नाही."

"दारू पेते का?"

"नाही."

"बाहेर कोनी बाई?"

"नाही, बाबा."

"मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते एका दमात सांगता येण्यासारखं नव्हतं. ती गप्प राहिली. आणि ती गप्प राहिली म्हणजे चूक तिचीच असणार, असं त्या घरानं त्या संध्याकाळी मनाशी धरून टाकलं.

पुढे कित्येक दिवस तेच. शेजारणी आल्या, काकू आली, आत्या फोनवर आली. सगळ्यांचा प्रश्न एकच. मारत तर नव्हता ना? मारत नव्हता म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी यायचं. मग सल्ले सुरू व्हायचे. थोडं सांभाळून घ्यायचं. मूल झालं की सगळं नीट होते. एवढं दुकान, एवढा चांगला पोरगा. कामिनीला वाटायचं, एकदा तरी मारायला हवं होतं त्यानं. एक वळ असता अंगावर, तर या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपसला असता.

भूपेंद्रचं लाखांदूरला कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. शेतकऱ्यांशी गोड बोलणारा, म्हाताऱ्यांचं पोतं स्वतः उचलून गाडीवर ठेवणारा माणूस. कामिनीनं बी.एस्सी. केलं होतं, बी.एड. केलं होतं, आणि लग्नानंतर ती तिथल्याच एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची. सुरुवातीला तो तिचा डबा घेऊन दुपारी शाळेत यायचा. बाकीच्या मॅडम म्हणायच्या, नशीब लागते बाई असा नवरा भेटायला. मग तो डबा देऊन परत जाईनासा झाला. वर्गाच्या खिडकीतून दिसेल अशा जागी मोटारसायकल लावून बसून राहायचा. मग घरी आल्यावर हसत विचारायचा, "त्या गणिताच्या सरांनी काय जोक मारला होता आज? मलाही सांग ना." ती सांगायची. तो हसायचा नाही. दोन दिवस बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी रडायचा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायचा, तुझ्याशिवाय माझं कोण आहे.

नोकरी तिनं 'स्वतःहून' सोडली. सगळ्यांना तसंच सांगितलं.

मग फोटो सुरू झाले. घरी आहेस? फोटो पाठव. भाजी कोणती केली? फोटो पाठव. शेजारी गेली होतीस? कोणाजवळ बसली होतीस, दाखव. उशीर झाला तर तो ओरडायचा नाही. त्यानं कधीच आवाज चढवला नाही. रात्री स्वतः पोटभर जेवायचा, हात धुवायचा, आणि तिनं आपलं ताट वाढून घेतलं की शांतपणे पेलाभर पाणी त्या ताटात ओतून झोपायला जायचा. आणि नातेवाइकांना सांगायचा, "कामिनीला विसरायला होतं हल्ली. मनानं जरा नाजूक आहे." हे इतक्या वेळा, इतक्या मायेनं सांगितलं, की तिलाही तसंच वाटायला लागलं.

त्या दिवशी ती न्हाणीघरात होती. मोबाईल बाहेर वाजत होता. वाजत राहिला. तिनं हात पुसून तो उचलला तर संदेश होता, खरंच आंघोळ करतेस का, फोटो पाठव. तिनं मोबाईल धुण्याच्या दगडावर ठेवला. गाऊन चढवला, हाताला लागलेल्या चपला घातल्या, दाराला टेकून ठेवलेली पिशवी घेतली, आणि साकोलीची बस उभी होती तिच्यात जाऊन बसली. दगडावरचा मोबाईल तिनं का परत घेतला, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

आपण निघालो, संपलं, असं तिला वाटलं होतं. संपलं नव्हतं.

हे सगळ्यात आधी ओळखलं तिच्या भावजयीनं, थोरल्या भावाच्या, चंद्रकुमारच्या बायकोनं, रीनानं. रीना गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेल्या घरातली. घरीच ब्लाऊज शिवायची, आणि तिच्या तोंडाला सगळे वचकून असायचे. एक दिवस मशीन चालवता चालवता ती म्हणाली, "कामिनीताई, तुमी आता भाताचा फोटो काहून काढला?"

"कधी?"

"आत्ता. चुलीवरून भाताचा गंज उतरवला अन् फोटो काढला. सकाळी विहिरीवर बी काढला. काल माह्या मशीनचा काढला."

कामिनीनं मोबाईल उघडून पाहिला. भात. विहीर. छपरीतली खाट. मशीन. कपाट. पुन्हा भात. ती इथं आल्यापासूनचा प्रत्येक तास त्यात होता. भूपेंद्रचा नंबर तिनं पहिल्याच दिवशी बंद केला होता, आणि तरी तिचा हात त्याला उत्तर देत होता. तिनं मोबाईल खाटेवर आपटला आणि मोठ्यानं ओरडली. शब्द नव्हता त्यात कोणताच. शकुनबाई धावत आली तशी रीनानं तिला हातानं थांबवलं.

"राहू द्या आई. निघू द्या."

त्या आधी सुखरामनी आपल्या ओळखीनं तिला एका समुपदेशन केंद्रात नेलं होतं. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शंका घेतो म्हणजे प्रेम आहे, बेटा. ज्याला पर्वा नाही तो विचारत नाही." सुखरामनी मान डोलावली. कामिनी खुर्ची सरकवून बाहेर निघून गेली, आणि बापानं वाटभर तिला सुनावलं की शिकलेल्या बाईचा असा अपमान करतात का.

म्हणून रीनानं भंडाऱ्याच्या दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा कामिनी फिसकारली. "पुन्हा कोणी मले प्रेम शिकवन. मी नाही येत."

"माहा बाप गाव बुडाल्यावर जेवेना, झोपेना, बोलेना," रीना म्हणाली. सुई तोंडात धरून बोलत होती. "नवीन गावठाणात घर भेटलं, पन थो घरात शिरेना, अंगनातच बसून राहे. लोक म्हनत, कोनी करनी केली. मी त्याले धरून सरकारी दवाखान्यात नेलं. मनाचे डॉक्टर असतात तिथं. प्रेम-बिम नाही शिकवत थे. चला, नाही पटलं तं वापस येऊ. बस तं आहेच."

तिथं एका लहानशा खोलीत समुपदेशक डिंपल लांजेवार बसायची. तिशीची असेल. टेबलावर फायलींचा ढीग, पंख्याचा खडखडाट, बाहेर रांग. कामिनीनं बसल्याबसल्या माफी मागायला सुरुवात केली. वेळ घेते म्हणून, नीट सांगता येत नाही म्हणून, तसं काही विशेष झालं नाही म्हणून. तो मारत नव्हता, हे तिनं स्वतःच आधी सांगून टाकलं.

डिंपल म्हणाली, "विशेष काही नको. एखाद्या साध्या दिवशीचं सांगा. जेवताना काय व्हायचं?"

कामिनीनं ताटाचं सांगितलं. कोरड्या आवाजात, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

"ताटात काय होतं त्या दिवशी?" डिंपलनं विचारलं.

"कोणत्या दिवशी?"

"जो आठवतो तो."

कामिनी थांबली. मग म्हणाली, "मासोळी होती. तलावातली. शेजारच्या काकूनं आणून दिली होती. मी सकाळपासून साफ केली, वाटण केलं. आमच्या आईसारखा रस्सा जमला होता त्या दिवशी पहिल्यांदा." तिचा आवाज चढायला लागला. "मला खूप भूक लागली होती, मॅडम. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याला वाढलं, सासूला वाढलं, मग माझं घेतलं. आणि त्यानं... मला भूक लागली होती!"

ती उभी राहिली होती. मुठी आवळलेल्या. बाहेरच्या रांगेतल्या बाया दारातून डोकावू लागल्या. डिंपलनं उठून दार लावून घेतलं आणि परत येऊन बसली.

"बोला," ती म्हणाली. "भूक लागली होती तुम्हाला."

त्या दिवशी कामिनी बराच वेळ बोलली. परतीच्या बसमध्ये ती थरथरत होती. रीनाला वाटलं थंडीनं, म्हणून तिनं शाल दिली. "थंडी नाही वहिनी," कामिनी म्हणाली, "मले त्याचा गळा धरावा वाटून राहिला."

"धरा की," रीना म्हणाली आणि खिडकी लावली.

लोकांना वाटतं, असा दवाखाना केला की माणूस हळूहळू शांत होत जातं. कामिनीचं उलट झालं. जितकी ती जायची तितकी तिची आग वाढायची. आधी तिला झोप नव्हती, आता झोपेत दात खायची. आठवणी एकट्या येईनात, घोळक्यानं येऊ लागल्या. त्यानं तिच्या मैत्रिणीचा नंबर काढून टाकला होता ती दुपार. त्याच्या आईनं "जाऊ दे, स्वभाव आहे" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला होता ती संध्याकाळ. दर वेळी तिला नव्यानं कळायचं की हे आपण गिळलं होतं, आणि का गिळलं होतं याचं उत्तर सापडायचं नाही.

एकदा डिंपलनं सुचवलं, की झोप अजिबात येत नाही, तर इथल्याच डॉक्टरांना एकदा भेटू, वाटलं तर थोडे दिवस गोळी घेता येईल.

"म्हणजे मी वेडी," कामिनी म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही."

"तोही म्हणत नव्हता! तोही असाच गोड बोलायचा. नाजूक आहे, विसरते, दाखवून आणू. तुम्ही त्याच्याच!" तिनं टेबलावरची फाईल ढकलली, कागद खाली सांडले. "मला नाही यायचं तुमच्याकडे. तुम्हाला पगार मिळतो माझं ऐकायचा!"

ती बसस्थानकावर जाऊन बसली. साकोलीची एक बस गेली, दुसरी गेली. तिला वाटलं आता डिंपलचा फोन येणार, रागावणार, किंवा मनवणार. फोन आला नाही. रीनाला तिनं काहीच सांगितलं नाही. पुढचा आठवडा ती गेली नाही. त्या पुढच्या आठवड्यात गेली, आणि दारातच उभी राहिली.

डिंपल म्हणाली, "या. चहा मागवते आहे, घ्याल?"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"वाईट वाटलं मला. पगाराचं बोललात ते लागलं. पण तुम्ही ओरडलात आणि मी इथंच आहे. बसा."

कामिनीनं चहा घेतला. कोणावर तरी ओरडल्यावरही आपल्या वाट्याचा चहा मिळतो, हे तिला पचायला वेळ लागला. डॉक्टरांना ती त्या दिवशी भेटली. गोळी तिनं काही दिवस घेतली, झोप आल्यावर डॉक्टरांना विचारून कमी केली. त्यात ना लाज होती ना चमत्कार.

माघात भूपेंद्र आला. एकटा नाही, मामाला घेऊन. मामा पुंडलिकराव म्हणजे चार गावांत मान असलेला माणूस, सोयरिकी जुळवणारा. छपरीत खुर्च्या मांडल्या. भूपेंद्रनं येताच सुखराम-शकुनबाईच्या पाया पडून घेतलं, साडीचा पुडा शकुनबाईच्या हातात दिला. कामिनी आत होती. तिला बाहेर बोलावलं तेव्हा ती आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी कोणाला दोष द्यायला आलो नाही," भूपेंद्र म्हणाला. "तिची तब्येत बरी नसते, हे मला लग्नानंतरच कळलं होतं. पण मी कधी कोणाला बोललो नाही. आता भंडाऱ्याला डोक्याच्या डॉक्टरकडे जाते, गोळ्या चालू झाल्या होत्या. चांगलंच आहे. आम्ही नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू. बायको आहे माझी. आजारी आहे म्हणून टाकणार का?"

"पाहा," पुंडलिकराव म्हणाले, "किती मोठ्या मनाचा पोरगा हाय."

कामिनीनं बापाकडे पाहिलं. भंडाऱ्याचं, गोळ्यांचं, या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. सुखराम खाली जमिनीकडे पाहत होते. इतके दिवस जावयाशी फोनवर कोण बोलत होतं, हे तिला विचारावं लागलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं?"

"तुह्या भल्यासाठीच सांगतलं."

तिच्या आत काहीतरी सरळ उभं राहिलं. ती भिंत सोडून पुढे आली.

"भूपेंद्र," ती म्हणाली. त्या घरात कोणत्याच बाईनं नवऱ्याचं नाव असं तोंडावर घेतलं नव्हतं. पुंडलिकरावांच्या भुवया वर गेल्या. "मी दवाखान्यात जाते थे तुह्यामुळं. माहं डोकं ठीक हाय. तू त्यात जे भरून ठेवलं, थे काढाले जाते."

"पाहिलंत?" भूपेंद्र हसून म्हणाला. "ही अशी बोलत नव्हती कधी."

"बोलू देत नव्हता तू!" ती आईकडे वळली. "आई, मावशी मेली तेव्हा तू मले सगळ्यांसमोर काय म्हटलं होतं?"

शकुनबाई गोंधळली. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण. "काय म्हटलं होतं?"

"मी मोबाईल फिरवत होती. तू म्हटलं, लाज नाही का वाटत, मयतीत व्हिडिओ काढतेस. सगळ्या बाया माह्याकडे पाहत होत्या."

"हो. म्हटलं होतं."

"मी नव्हती काढत. हा मोबाईलवर होता. म्हणे, माहेरच्या लोकांना भेटायला बहाणे करतेस. कोण कोण बसलं आहे ते दाखव. मी दाखवलं. म्हणे, आता प्रेत दाखव. प्रेत पाहीन तेव्हा मानीन, खरंच मेली म्हणून." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "मी तुह्या बहिणीच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आई. याले दाखवाले. अन् तू माही लाज काढली, अन् मी ऐकून घेतली. सांग आता, मारत तर नव्हता ना?"

रीना चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच थबकली.

शकुनबाईनं जावयाकडे पाहिलं. "माह्या बहिनीचं मेलेलं तोंड तुमी मोबाईलवर पाहिलं?"

"आई, ते काळजीपोटी... तुम्ही समजून घ्या. आमच्यातलं आहे ते."

तो अजूनही हसत होता. शकुनबाईनं मांडीवरचा साडीचा पुडा उचलला आणि अंगणात फेकला. पुडा फाटून साडी धुळीत लोळली.

"उठा," ती म्हणाली.

"बाई, पाहुन्यांशी असं वागतात का?" पुंडलिकराव म्हणाले.

"तुमी बी उठा."

रीनानं ट्रे फिरवला आणि भरलेले कप घेऊन आत निघून गेली. पुंडलिकराव पुटपुटत चपला शोधू लागले. भूपेंद्र शेवटी निघाला. फाटकापाशी तो कामिनीजवळून गेला आणि दात आवळून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "पाहतो तुले कोन ठेवते थे."

कामिनीनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून त्याच्या मनातलं निघालं होतं. तिला भीती वाटायला हवी होती. तिला इतका राग आला की ती हसली.

"मोठ्यानं सांगा ना जवाईबापू," स्वयंपाकघराच्या खिडकीतून रीना ओरडली. "बाजारापर्यंत ऐकू जाऊ द्या!"

पुढं काय झालं ते सरळ आहे. साकोलीच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज लागला, आणि भूपेंद्रचा वकील दर वेळी नवीन तारीख मागून घेऊ लागला. लाखांदुरात त्यानं ती वेडी असल्याचं सगळ्यांना सांगितलं, आणि बऱ्याच जणांना ते पटलंही. कामिनी गावातल्याच एका शाळेत शिकवू लागली. पहिल्याच महिन्यात ती एका मुलीला, फळ्यावर नाव चुकलं म्हणून, इतकं टाकून बोलली की पोर रडत घरी गेली. ती दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्यासमोर चुकले म्हणाली, आणि भंडाऱ्याला गेल्यावर डिंपलसमोर तोंड झाकून बसली.

"मी त्याच्यासारखी झाली का?"

"तो कधी कोणाच्या घरी गेला होता का, चुकलं म्हणायला?" डिंपलनं विचारलं. मग म्हणाली, "राग राहणार आहे, कामिनीताई. तो पोरांवर काढायचा नाही. इथं आणा."

घरात मात्र दुसरंच चाललं होतं. त्या बैठकीपासून सुखरामनी बोलणं बंद केलं होतं. लेकीशी नाही, बायकोशीही नाही. जेवायचे, उठायचे, बांधीवर जायचे. काही हवं असलं तर सुनेला सांगायचे, "हिले सांग, माहा सदरा कोठी हाय." 'ही' दोन हातांवर उभी असायची. घरातलं कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. माणूस रागावला आहे, होईल शांत, एवढंच.

उन्हाळ्यात लग्नसराई लागली. रीनाकडे शिवणाचा ढीग पडला, म्हणून एका खेपेला शकुनबाई लेकीसोबत भंडाऱ्याला गेली. बाहेरच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कामिनीचं झालं, ती बाहेर आली, तशी शकुनबाई उठली आणि दारातून डिंपलला म्हणाली, "मॅडम, मले बी थोडं बोलाचं हाय. पोरगी नको."

डिंपलनं बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "या आई."

दार लागलं. कामिनी बाकड्यावर बसून राहिली. आईला काय बोलायचं असणार? लेकीचं कसं होणार, हेच. समजावा हो मॅडम तिला, हेच. नुसत्या कल्पनेनंच तिचं डोकं तापलं. दार उघडलं तेव्हा शकुनबाईचे डोळे सुजलेले होते, आणि ती तडक बसस्थानकाकडे चालू लागली.

बसमध्ये लाखनी मागे पडली. मग खिडकीबाहेर पाहत शकुनबाई म्हणाली, "तुह्या बापानं चंद्रकुमारच्या वेळी माह्याशी बोलनं सोडलं होतं. मी माहेरी चार दिवस जास्त राहिली म्हनून. पोट समोर आलं होतं, अन् हा मानूस सासूले सांगे, हिले सांग. तू झाली तेव्हा बी. मंग तं दर सालीच. महिना महिना. मले वाटे, सगळ्याइचे असेच असतात. माह्या मायले बी कोन विचारत होतं?" तिनं पदरानं नाक पुसलं. "तुले मी सांभाळून घे म्हनत होती. मी काय सांभाळलं, थे मॅडमले सांगून आली."

कामिनीला वाटायला हवं होतं की आई आता आपल्या बाजूची झाली. तसं काही वाटलं नाही. तिचं लहानपण तिच्यासमोर उलगडलं. जेवणाच्या वेळची ती शांतता, आईचं हळूच हळूच चालणं, आणि आपलं तिच्याकडून तेच शिकणं. "मी जाऊन बोलते बाबांशी," ती म्हणाली. "आज सोडत नाही त्यायले. याच घरात शिकली मी गप्प राहाले!"

"तू नाही बोलाचं."

"काहून?"

"माहं हाय थे," शकुनबाई म्हणाली. "तू तुह्यं केलं. माहं मले करू दे."

घरी पोचल्या तेव्हा ऊन अजून होतं. सुखराम छपरीत खांद्यावर दुपट्टा टाकून निघायच्या तयारीत होते. आत रीनाची मशीन चालू होती. त्यांनी बायकोकडे न पाहता आत आवाज दिला, "रीना, हिले सांग, मी मोटर पाहाले जातो. उशीर होईन."

"मी इथंच उभी हावो," शकुनबाई म्हणाली. "मले सांगा."

सुखरामनी ऐकलं नाही असं केलं आणि चपलेत पाय घातला. शकुनबाईनं पिशवी खाली ठेवली, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली, ती बरोबर पायऱ्यांच्या तोंडाशी मांडली आणि तिच्यावर बसली.

"बसा."

"मोटर..."

"मोटर कोठी पळून नाही जात. बसा."

मशीन थांबली. सुखरामनी लेकीकडे पाहिलं, जणू हे सगळं तिनंच शिकवून आणलं होतं. कामिनीच्या जिभेवर किती तरी आलं होतं. तिनं ओठ दाबले.

"तू आत जा, कामिनी," शकुनबाई म्हणाली. नवऱ्यावरची नजर तिनं काढली नव्हती.

कामिनी आत गेली. रीना मशीनवर तशीच बसली होती, पायडलवर पाय, हातात अर्धा शिवलेला ब्लाऊज. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. बाहेर खाट करकरली, म्हणजे सुखराम बसले. मग शकुनबाई बोलू लागली, आणि तिचा आवाज त्या घरात आजवर कधी नव्हता एवढा मोठा होता.